कंपवाताचं निदान आणि रक्त तपासण्या: या चुका टाळा

कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं, निदान आजही रुग्णाला समोर बसवून, चालवून, बोटं उघडझाप करायला लावूनच होतं. हालचालीतला मंदपणा आणि त्याच्या जोडीला स्थिर हाताची थरथर किंवा अंगातला ताठरपणा, हा इंटरनॅशनल पार्किन्सन अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीच्या २०१५ च्या निकषांचा गाभा आहे. त्या निकषांत रक्तातल्या कुठल्याही आकड्याच्या जोरावर कंपवात ठरत नाही.

मग रक्त काढायचं कशासाठी? कारणं तीन आहेत. पहिलं, कंपवातासारखे दिसणारे पण वेगळ्या उपचाराने सुधारणारे आजार पकडणं. दुसरं, कंपवात आणि त्याचे भाऊबंद, म्हणजे पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी), एमएसए (मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी) आणि कॉर्टिकोबेसल सिंड्रोम हे मेंदूच्या झिजेचे आजार, वेगळे ओळखायला मदत होणं. तिसरं, रक्तातूनच कंपवाताची खूण शोधणं. हे काम अजून बहुतांशी संशोधनाच्या प्रयोगशाळांतच चालू आहे. बहुतेक चुका होतात त्या या तीन कामांची सरमिसळ केल्यामुळे. तपासणी एका कामासाठी होते आणि तिचा अर्थ दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून लावला जातो.

रक्तातलं डोपामिन मोजायला सांगणं

कंपवातात मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होतात, हे आता बऱ्याच कुटुंबांना ठाऊक असतं. त्यामुळे रक्तात डोपामिन मोजून घ्यावं असं वाटतं, आणि लॅबच्या यादीत त्या नावाची तपासणी सापडतेही. ती तपासणी ॲड्रिनल ग्रंथीच्या फिओक्रोमोसायटोमासारख्या गाठींसाठी असते. डोपामिन रक्तातून मेंदूत किंवा मेंदूतून रक्तात सहज जात नाही, त्यामुळे रक्तातल्या आकड्यावरून मेंदूतल्या कमतरतेचा अंदाज येत नाही. त्यातून रुग्ण लेव्होडोपा, म्हणजे शरीरात ज्याचं डोपामिन बनतं ते कंपवाताचं मुख्य औषध, घेत असेल तर आकडा औषधामुळेच वाढलेला दिसू शकतो. हे पैसे वाचवा.

युरिक ॲसिडचंही असंच. कंपवाताच्या रुग्णांच्या गटात ते सरासरीने थोडं कमी असतं. पण दोन गटांच्या सरासरीतला फरक खरा असला, तरी समोरच्या एका माणसाचं निदान त्यावरून करता येत नाही. ज्या प्रत्येक ‘नव्या’ रक्त तपासणीची बातमी येते, तिला हाच प्रश्न आधी विचारा: फरक गटांचा सांगताय की माणसाचा?

औषधांची पिशवी न बघता रक्त काढणं

आपल्याकडे ही चूक फार महागात पडते. ॲसिडिटी आणि पोट फुगण्यासाठी दिल्या जाणाऱ्या कितीतरी गोळ्यांत पँटोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असतं. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारांसाठी हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन: या सगळ्यांमुळे हुबेहूब कंपवातासारखा मंदपणा, ताठरपणा आणि थरथर येऊ शकते. यातल्या व्हॅल्प्रोएटखेरीज बाकीची औषधं मेंदूतल्या डोपामिनच्या ग्राहकांना अडवतात. पेशी मेलेल्या नसतात, त्यांचा निरोप पोचत नसतो. हे कुठल्याही रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही.

म्हणून पहिल्या भेटीला गेल्या वर्षभरातल्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन जा. आयुर्वेदिक चूर्णं, दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्या, केसांसाठीची सप्लिमेंट्स, काहीही वगळू नका. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेलं ब्रँडचं नाव पुरत नाही, खाली बारीक अक्षरात लिहिलेले घटक वाचा. कारणीभूत औषध बंद केल्यावर लक्षणं काही आठवड्यांत ओसरायला लागतात, पण पूर्ण ओसरायला सहा महिने आणि कधी त्याहूनही जास्त काळ लागू शकतो. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून ‘औषधाचा संबंध नाही’ असा निष्कर्ष काढू नका. मानसिक आजाराचं औषध मात्र मनाने थांबवायचं नाही. ते देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच बदलायचं.

औषधं थांबवूनही लक्षणं राहिली तर मेंदूतल्या डोपामिनच्या तंतूंची टोकं दाखवणारा ट्रोडॅट स्पेक्ट स्कॅन उपयोगी पडतो. निव्वळ औषधामुळे आलेल्या त्रासात तो नॉर्मल येतो, कारण डोपामिनच्या तंतूंची टोकं शाबूत असतात. तो बिघडलेला आला तर औषधाने आधीपासून दबा धरलेला आजार उघड केला असं समजावं. पण हाच स्कॅन पीएसपी आणि एमएसएमध्येही बिघडतो, त्यामुळे भाऊबंद वेगळे करायला तो कामाचा नाही.

साध्या तपासण्या वगळणं, किंवा चुकीच्या वेळी करणं

महागड्या बायोमार्करच्या, म्हणजे रक्तातल्या आजाराच्या खुणांच्या, आधी थायरॉइड, कॅल्शियम, बी-१२, लिव्हर आणि किडनी यांच्या तपासण्या व्हायला हव्यात. वय पन्नाशीच्या आत असेल तर शरीरात तांबं साठणाऱ्या विल्सनच्या आजारासाठी सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे रक्तात तांबं वाहणारं प्रथिनही. त्या तुलनेने स्वस्त आहेत, त्यांतल्या बहुतेक तालुक्याच्या गावीही होतात, आणि त्यांतून जे सापडतं त्यावर उपचार आहे. फक्त प्रत्येकीत फसण्याची एक-एक जागा आहे.

थायरॉइड जास्त काम करत असेल तर हात थरथरतात आणि कमी करत असेल तर माणूस मंदावतो, म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, बघतात. पण केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, काहींत एका गोळीत १० मिलिग्रॅम. ज्या यंत्रांवर बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची जोडी वापरून तपासणी होते, तिथे या बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं. म्हणजे थरथरणाऱ्या माणसाला नसलेला हायपरथायरॉइड चिकटतो आणि खरं कारण मागे राहतं. अशा गोळ्या रक्त देण्याआधी किमान ४८ ते ७२ तास बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा.

कॅल्शियम बघायचं ते पॅराथायरॉइडच्या कमतरतेसाठी. त्यात मेंदूच्या बेसल गँगलियामध्ये, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या भागात, चुना साठतो आणि कंपवातासारखी लक्षणं येतात. सीटी स्कॅनमध्ये तसा चुना दिसला आणि कॅल्शियम कमी आलं तर पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) करायलाच हवं. आकडा वाचताना अल्ब्युमिनही बघा: अल्ब्युमिन ४ च्या खाली जितके ग्रॅम कमी असेल, त्या प्रत्येक ग्रॅमला कॅल्शियममध्ये ०.८ मिळवायचे. आणि एकाच रिपोर्टमध्ये कॅल्शियम अगदी खाली, पोटॅशियम खूप वर आणि अल्कलाइन फॉस्फटेज कमी असं त्रिकूट दिसलं तर घाबरण्याआधी नमुना पुन्हा मागा. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, सीरमच्या (रक्त गोठू दिल्यावर वर राहणाऱ्या पाण्याच्या) ट्यूबमध्ये गेलं की नेमकं हेच होतं. म्हणून सीरमची ट्यूब आधी भरायची आणि ईडीटीएची नंतर. एका ट्यूबमधलं रक्त दुसरीत ओतायचं नाही.

बी-१२ ची गोष्ट अशी, की तपासणीच्या आधीच इंजेक्शन किंवा मिथाइलकोबालामिनची गोळी सुरू झालेली असते. मग आकडा भरघोस येतो आणि मुळात कमतरता होती का हे कळायचा मार्ग बंद होतो. रक्त आधी, सुई नंतर. आकडा काठावरचा असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलॉनिक ॲसिड बघतात. पण लेव्होडोपा घेणाऱ्यांत होमोसिस्टीन औषधामुळेही वाढतं, हे रिपोर्ट वाचताना लक्षात ठेवावं लागतं. बी-१२ च्या कमतरतेने तोल जातो, पाय बधिर होतात, आणि त्याचा परिणाम पुढे सांगितलेल्या एनएफएलच्या आकड्यावरही होतो.

विल्सनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हा आजार हातून सुटला तर तरुण माणसाचं आयुष्य जातं आणि सापडला तर ते वाचवता येतं. यात तांबं लिव्हरमध्ये आणि मेंदूत साठतं. सेरुलोप्लाझ्मिन २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असलं की संशय घ्यायचा. पण ताप, जंतुसंसर्ग, गरोदरपण किंवा गर्भनिरोधक गोळ्या यांमुळे ते वर जातं आणि आजार असूनही नॉर्मल दिसू शकतं. उलट कुपोषणात, किंवा आजाराचा एकच दोषी जनुक वाहणाऱ्या निरोगी भावंडात ते कमी येऊ शकतं. म्हणून एकट्या सेरुलोप्लाझ्मिनवर थांबू नका. २४ तासांच्या लघवीतलं तांबं मोजा आणि नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्पवर बुबुळाच्या कडेची तपकिरी-हिरवी कायसर-फ्लायशर रिंग बघून घ्या. मेंदूची लक्षणं असलेल्या बहुसंख्य रुग्णांत ती सापडते. लघवी गोळा करताना सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, आणि तिथून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची प्रत्येक लघवी डब्यात घ्यायची, दुसऱ्या सकाळची पहिली धरून. डबा लॅबने दिलेला, धातूचा अंश नसलेलाच हवा. एकदा लघवी बाहेर गेली तरी लपवू नका, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करा. घरातल्या तांब्याच्या भांड्यात किंवा स्टीलच्या डब्यात साठवलेला नमुना बाद.

एनएफएलचा आकडा एकटाच वाचणं

न्यूरोफिलामेंट लाइट चेन, थोडक्यात एनएफएल, हा मज्जातंतूंच्या आतल्या सांगाड्याचा भाग आहे. तंतू झिजला किंवा तुटला की तो मेंदूभोवतालच्या पाण्यात आणि तिथून अगदी बारीक प्रमाणात रक्तात उतरतो. पिकोग्रॅममध्ये मोजण्याइतकी संवेदनशील यंत्रं, त्यातलं सिमोआ हे पहिलं गाजलेलं, आल्यापासून तो रक्तातून मोजता येतो. कंपवाताच्या संदर्भात आज हाताशी असलेल्या रक्त-खुणांपैकी सगळ्यात भरवशाची हीच आहे. मात्र ती नेमकं काय सांगते हे समजून घ्यायला हवं.

कंपवातात एनएफएल साधारण नॉर्मल किंवा थोडंसंच वाढलेलं असतं. पीएसपी, एमएसए आणि कॉर्टिकोबेसल सिंड्रोममध्ये झीज वेगाने होते, त्यामुळे ते सरासरीने दुपटीच्या आसपास जातं. २०१७ साली स्वीडन आणि लंडनमधल्या तीन गटांत मिळून ५०४ जणांवर झालेल्या अभ्यासात रक्तातल्या एनएफएलने कंपवात आणि हे भाऊबंद चांगले वेगळे केले. पण ज्यांचा आजार तीन वर्षांहून जुना नव्हता, त्यांच्यात वेगळेपणा तुलनेने कमी स्पष्ट होता. आणि खरी अडचण असते ती याच सुरुवातीच्या काळात.

यातून तीन गैरसमज निघतात. ‘एनएफएल नॉर्मल, म्हणजे कंपवात नाही’ हे चूक, कारण कंपवातात ते नॉर्मल असणंच अपेक्षित आहे. ‘एनएफएल वाढलंय, म्हणजे कंपवात आहे’ हेही चूक. मंदावलेल्या, ताठरलेल्या माणसात ते स्पष्ट वाढलेलं असेल तर उलट कंपवाताबद्दल शंका घ्यायची आणि पीएसपी किंवा एमएसए शोधायचं. आणि ‘एवढा आकडा म्हणजे पीएसपीच’ हेही चालत नाही, कारण भाऊबंद एकमेकांपासून वेगळे करणं एनएफएलला जमत नाही. तिथे डोळ्यांच्या वर-खाली हालचाली, पडण्याचा इतिहास, उभं राहिल्यावर उतरणारा रक्तदाब आणि एमआरआय हेच कामाला येतात.

आकडा वाढवणारी इतर कारणं बरीच आहेत. वयाबरोबर एनएफएल वाढतंच. तिशीत ते एक अंकी असतं, सत्तरीत निरोगी माणसातही दुप्पट-तिप्पट सहज होतं. म्हणून वयानुसार दिलेली मर्यादा नसलेला रिपोर्ट अर्धाच समजा. किडनीचं काम मंदावलं की आकडा वाढतो. मधुमेहातली न्यूरोपथी, नुकताच झालेला स्ट्रोक, डोक्याला मार, मोठं ऑपरेशन आणि केमोथेरपीनेही वाढतो. उलट अंगाने स्थूल माणसात रक्ताचं एकूण प्रमाण जास्त असल्याने आकडा थोडा पातळ होऊन कमी दिसतो. ७२ वर्षांचे, वीस वर्षं मधुमेह असलेले, क्रिएटिनिन १.८ असलेले आजोबा घ्या: त्यांच्या वाढलेल्या एनएफएलवरून एमएसएची भीती घालणं हा अन्याय आहे.

त्यामुळे एनएफएल मागवताना त्याच दिवशी क्रिएटिनिन आणि एचबीए१सी करा, आणि अर्जावर वय, वजन, उंची, गेल्या सहा महिन्यांतलं पडणं, मार, स्ट्रोक किंवा ऑपरेशन लिहा. आदल्या महिन्यात डोकं आपटलं असेल तर तपासणी काही महिने पुढे ढकला. तंतू तुटल्यावर रक्तातली पातळी उतरायला वेळ लागतो.

तुलनेसाठी पुन्हा तपासायचं असेल तर तीच लॅब, तेच यंत्र आणि तोच प्रकार हवा. सीरममधला आकडा ईडीटीए प्लाझ्मापेक्षा (न गोठवता वेगळ्या केलेल्या रक्ताच्या पाण्यापेक्षा) थोडा जास्त येतो, आणि एका कंपनीच्या यंत्रावरचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी जुळत नाही. पहिल्यांदा प्लाझ्मा, पुढच्या वर्षी दुसऱ्या लॅबमध्ये सीरम, आणि मग ‘आजार वाढला’ असा निष्कर्ष: हे टाळता येण्यासारखं आहे.

नमुना नीट न हाताळणं

एनएफएल तसं दणकट आहे. खोलीच्या तापमानाला एक दिवस राहिलं किंवा एक-दोनदा गोठून वितळलं तरी फारसं बिघडत नाही. अल्फा-सिन्यूक्लिनचं तसं नाही. कंपवातात पेशींमध्ये साठणारं हे प्रथिन रक्तातही असतं, पण त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त तांबड्या पेशींमध्ये असतं, आणि प्लेटलेट्समध्येही असतं. त्यामुळे नमुन्यात थोड्या जरी तांबड्या पेशी फुटल्या तरी मोजलेला आकडा आजाराचा न राहता सुईचा होतो. रक्तातलं एकूण अल्फा-सिन्यूक्लिन मोजणाऱ्या जुन्या अभ्यासांत कुणाला वाढलेलं, कुणाला कमी आणि कुणाला सारखंच सापडलं, त्यामागे हे मोठं कारण होतं. एकूण अल्फा-सिन्यूक्लिनच्या आकड्यावरून निदान करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

संशोधनासाठी किंवा नव्या चाचण्यांसाठी नमुने गोळा करणाऱ्या लॅबमध्ये हा क्रम पाळावा:

१. दंडाला बांधलेला पट्टा एक मिनिटाच्या आत सोडा. २१ गेजची सुई वापरा. सिरिंजने जोरात ओढून, सुईतूनच दाबून ट्यूबमध्ये ढकललेलं रक्त हमखास फुटतं.

२. ईडीटीए ट्यूब खुणेपर्यंत भरा आणि ८ ते १० वेळा अलगद उलटीसुलटी करा. हिसके देऊ नका.

३. तासाभरात, फार तर दोन तासांत, सेंट्रिफ्यूजमध्ये २००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २००० पट जोर) वर १० मिनिटं फिरवा. यंत्रावर फक्त आरपीएम दिसत असेल तर रोटरची त्रिज्या मोजा. १५ सेंटीमीटर त्रिज्येला २००० जी म्हणजे साधारण ३४५० आरपीएम. ‘३००० वर फिरवलं’ एवढी नोंद निरुपयोगी आहे.

४. प्लाझ्मा वरून काढताना पांढुरक्या थराच्या वर अर्धा मिलिलिटर तसाच सोडा. शेवटचा थेंब मिळवण्याच्या नादात प्लेटलेट्स आत येतात. प्लेटलेट्स नकोच असतील तर वेगळा केलेला प्लाझ्मा २५०० जी वर १५ मिनिटं पुन्हा फिरवा.

५. पॉलिप्रॉपिलीनच्या छोट्या ट्यूबमध्ये पाव ते अर्धा मिलिलिटरचे भाग करा, म्हणजे दरवेळी सगळा नमुना वितळवावा लागणार नाही. उणे ८० अंशांवर ठेवा. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर चालत नाही; तो आतून पुन्हा पुन्हा गरम होतो.

६. प्लाझ्मा गुलाबी दिसला तर तसं लिहा आणि शक्य असेल तर रक्त पुन्हा घ्या. डोळ्यांना न दिसणारी फूटही असते, म्हणून अल्फा-सिन्यूक्लिनसाठी प्लाझ्मातलं हिमोग्लोबिन मोजणं बरं.

घरी येऊन रक्त नेणाऱ्या सेवेबद्दल एक सूचना. मे महिन्यात नागपूर किंवा अकोल्याला स्कूटरच्या डिकीत दोन तास फिरलेला नमुना नेहमीच्या शुगर-पोटॅशियमलाही धड राहत नाही, मग या नाजूक प्रथिनांचं काय सांगावं. थंड पेटी आहे का हे विचारा, आणि रक्त कधी काढलं ते ट्यूबवर तुमच्यासमोर लिहून घ्या.

‘बीज’ सापडलं म्हणजे सगळं ठरलं असं मानणं

चुकीची घडी पडलेलं अल्फा-सिन्यूक्लिन चांगल्या रेणूंनाही आपल्यासारखी घडी घालायला लावतं. सीड अॅम्प्लिफिकेशन चाचणी हाच गुण वापरते: नमुन्यात असं अगदी थोडं बीज असलं तरी ते वाढवून दाखवते. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यावर ही चाचणी फार चांगली चालते. २०२३ साली पीपीएमआय या मोठ्या अभ्यासाच्या ११२३ सहभागींमध्ये कंपवाताच्या ८७.७ टक्के रुग्णांत ती पॉझिटिव्ह आली, आणि निरोगी लोकांत ९६.३ टक्के वेळा बरोबर निगेटिव्ह आली. त्याच वर्षी जपानमधल्या जुंतेंदो विद्यापीठाच्या गटाने सीरममधून हे बीज आधी अँटिबॉडीने वेचून मग वाढवण्याची पद्धत दाखवली. रक्तात बीज फार कमी असतं आणि अडथळा आणणारी प्रथिनं फार जास्त, म्हणून ही वेचण्याची पायरी लागते. रक्तावरची ही पद्धत वेगवेगळ्या प्रयोगशाळांत सारखाच निकाल देते का, हे सिद्ध होईपर्यंत ती रोजच्या निदानासाठी वापरू नये.

पॉझिटिव्ह निकालाचा अर्थ ‘शरीरात हे बीज आहे’ एवढाच. लेवी बॉडी, म्हणजे पेशींत साठलेले अल्फा-सिन्यूक्लिनचे गोळे, यांमुळे होणाऱ्या लेवी बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशातही ते असतं, आणि काही लक्षणं नसलेल्या वयस्क माणसांतही असू शकतं. निगेटिव्ह आल्याने कंपवात बाद होत नाही: त्याच पीपीएमआय अभ्यासात एलआरआरके२ जनुकातल्या बदलामुळे कंपवात झालेल्यांपैकी ६७.५ टक्क्यांतच चाचणी पॉझिटिव्ह होती, आणि पार्किन या जनुकामुळे लवकर सुरू होणाऱ्या आजारात लेवी बॉडी अनेकदा नसतातच. चाचणी किती लवकर किंवा किती जोरात पॉझिटिव्ह झाली, त्यावरून आजाराची तीव्रताही ठरवू नका.

तपासणीसाठी औषध बंद करणं

डोपा डीकार्बॉक्सिलेज, म्हणजे डीडीसी, या एन्झाइमची पातळी लेवी बॉडीच्या आजारांत वाढलेली सापडते, असं २०२३ साली प्रसिद्ध झालं आणि त्याकडे बरंच लक्ष वेधलं गेलं. अडचण अशी, की लेव्होडोपासोबत दिलं जाणारं कार्बिडोपा किंवा बेन्सेराझाइड नेमकं याच एन्झाइमला अडवतं, आणि शरीर त्याला उत्तर म्हणून एन्झाइम वाढवतं. औषध चालू असलेल्या माणसाच्या रक्तातलं वाढलेलं डीडीसी हा औषधाचा ठसा असू शकतो. ही खूण उपयोगाची ठरलीच तर ती औषध सुरू होण्याआधीच्या नमुन्यात.

पण म्हणून चालू औषध मनाने थांबवून रक्त द्यायला जाऊ नका. लेव्होडोपा अचानक बंद केल्यावर प्रचंड ताप, दगडासारखा ताठरपणा आणि बेशुद्धी येऊ शकते. यात जीव जाऊ शकतो. डॉक्टर लेव्होडोपा चॅलेंजसाठी, म्हणजे एका डोसने किती फरक पडतो ते बघण्यासाठी, रात्रभर औषध थांबवतात तेव्हा ते देखरेखीखाली, ठरावीक तासांसाठी असतं, आणि मळमळ रोखायला डोम्पेरिडोन देतात, मेटोक्लोप्रमाइड देत नाहीत.

अल्झायमरची तपासणी कंपवातासाठी करणं

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने पी-टाऊ२१७ आणि बीटा-अमायलॉइड या अल्झायमरशी संबंधित दोन प्रथिनांच्या गुणोत्तरावर आधारलेल्या रक्त तपासणीला मान्यता दिली. ती स्मरणशक्तीचा त्रास असलेल्या ५५ आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांत अल्झायमरशी जोडलेल्या अमायलॉइडच्या साठ्यासाठी आहे. हात थरथरतो म्हणून ती करण्यात अर्थ नाही. कंपवाताच्या रुग्णाला पुढे विसरभोळेपणा आला आणि सोबत अल्झायमर आहे का हे बघायचं असेल, तर न्यूरोलॉजिस्ट ती सुचवू शकतात. किडनीच्या आजारात रक्तातलं पी-टाऊ२१७ही वाढतं.

काहीच त्रास नसताना ‘बघून ठेवू’ म्हणणं

२०२४ च्या एका अभ्यासाची बातमी जगभर पोचली: रक्तातल्या आठ प्रथिनांवरून कंपवात सात वर्षं आधी कळणार. त्यात तपासलेले ७२ जण सर्वसामान्य नव्हते. त्यांना झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडण्याचा, म्हणजे आरईएम स्लीप बिहेव्हियर डिसऑर्डरचा, त्रास होता, आणि अशा लोकांत पुढे कंपवात किंवा तत्सम आजार होण्याचं प्रमाण मुळातच खूप असतं. तोच निष्कर्ष आपल्या पंचेचाळिशीच्या निरोगी मुलाला लावता येत नाही.

हिशेब करून बघा. समजा एखादी चाचणी १०० रुग्णांतले ९० पकडते आणि १०० निरोगी लोकांतल्या ९५ जणांना बरोबर निगेटिव्ह ठरवते. आजार शंभरात एकाला आहे अशा १००० लोकांत ती केली, तर १० रुग्णांपैकी ९ पॉझिटिव्ह येतील, आणि ९९० निरोगी लोकांपैकी जवळजवळ ५०. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दर सहा-सात जणांत खरा रुग्ण एकच. हीच चाचणी न्यूरोलॉजिस्टच्या दवाखान्यात, जिथे निम्म्या लोकांना खरोखर आजार आहे, तिथे केली तर पॉझिटिव्हपैकी सुमारे ९५ टक्के बरोबर निघतात. चाचणी तीच, निकाल वेगळे, कारण रक्त कुणाचं काढलं ते वेगळं. आजार वेळीच थांबवणारा उपचार हाती नसताना निरोगी माणसाच्या डोक्यावर अशी टांगती तलवार ठेवू नका.

जनुकीय तपासणी सरसकट मागवणं

हीही रक्तातूनच होते, पण प्रश्न वेगळा असतो. चाळिशीच्या आत सुरुवात, घरात आणखी कुणाला आजार, किंवा आईवडील नात्यातले असणं, अशा वेळी तिचा विचार करावा. युरोप-अमेरिकेत गाजलेला एलआरआरके२ मधला जी२०१९एस हा बदल भारतात विरळा आहे, त्यामुळे फक्त तोच तपासणारं पाकीट आपल्याकडे बहुधा कोरं येतं.

पद्धतही विचारून घ्या. पार्किन जनुकात अनेकदा अख्खे तुकडेच गळालेले किंवा दुप्पट झालेले असतात. साध्या सिक्वेन्सिंगला ते चुकू शकतात, त्यासाठी जनुकाच्या तुकड्यांच्या प्रती मोजणारी एमएलपीए ही तपासणी लागते. कंपवाताचा धोका वाढवणाऱ्या जीबीए१ या जनुकाच्या शेजारी त्याच्यासारखंच दिसणारं निकामी जनुक असल्याने त्याचं वाचन चुकीचं होऊ शकतं. लॅब त्याची काळजी घेते का ते विचारा. एससीए (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया) या तोल बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजारांपैकी एससीए२ आणि एससीए३ कधीकधी कंपवाताच्या रूपात दिसतात, आणि भारतात आढळणाऱ्या एससीए१२ ची सुरुवात बरेचदा हातांच्या थरथरीने होते. हे सगळे जनुकातल्या अक्षरांच्या लांबलेल्या पुनरावृत्तीचे आजार आहेत. नेहमीच्या एक्सोम तपासणीत (प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांच्या भागांच्या वाचनात) ते दिसत नाहीत, त्यांची वेगळी तपासणी मागावी लागते. रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असलेला बदल आला, तर त्यावरून घरातल्या बाकीच्यांची तपासणी सुरू करू नका. जीबीए१ मधला बदल असलेल्या बहुतेकांना कंपवात कधीच होत नाही.

रिपोर्ट आणि रुग्ण जुळत नाहीत तेव्हा

अशा वेळी रुग्णावर विश्वास ठेवायचा आणि नमुना तपासायचा. क्रम असा: ट्यूब कोणती होती, रक्त कधी काढलं, फुटलं होतं का, कोणती औषधं आणि सप्लिमेंट्स चालू होती, किडनी कशी आहे. यात काही सापडलं तर तेवढी एकच तपासणी पुन्हा. काही सापडलं नाही तर रिपोर्ट फाइलला लावून पुन्हा शारीरिक तपासणी.

तज्ज्ञांचं निदानही पहिल्याच भेटीत पक्कं नसतं. शवविच्छेदनाशी ताडून पाहणाऱ्या अभ्यासांचा २०१६ चा एकत्रित आढावा सांगतो, की कंपवाताचं निदान सरासरी ८०.६ टक्के वेळा बरोबर निघतं. म्हणून दर सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. लेव्होडोपाने, योग्य डोस पुरेसा काळ घेऊन, खरोखर फरक पडला का? पहिल्या तीन वर्षांत वारंवार पडणं झालं का? गिळायला, बोलायला लवकर त्रास सुरू झाला का? उभं राहिल्यावर तीन मिनिटांत रक्तदाब किती उतरतो? वास येतो का? थरथर आणि चालणं यांचा मोबाइलवर काढलेला दोन-दोन मिनिटांचा व्हिडिओ दरवेळी तारखेसह ठेवा, औषधाआधीचा एक आणि औषध घेतल्यावर तासाभराने एक. एनएफएल पुन्हा करायचंच असेल तर वर्षभराने, त्याच लॅबमध्ये, त्याच प्रकारच्या ट्यूबमध्ये, आणि जुना रिपोर्ट सोबत घेऊन.